रविवारचा चित्रकलेचा क्लास की आर्ट थेरपी?

वडील गेले आणि त्यानंतर चारेक महिने मला धड झोप नव्हती. 'चित्रं काढ, बरं वाटेल' असं दोघातिघांनी सुचवलं. आधी मंडलाचं, म्हणजे गोल नक्षीत रंग भरायचं पुस्तक आणलं, चौथ्या पानावर कंटाळा आला, ते कपाटात गेलं. मग जुळे सोलापुरात मोठ्यांसाठी रविवारचा क्लास लावला, आणि पुढे सात रस्त्याजवळ आर्ट थेरपी, म्हणजे चित्रांच्या आधारे समुपदेशन, शिकलेल्या एका समुपदेशक बाईंकडे आठ सेशनं केली. तुम्ही याच दोहोंत अडकला असाल तर माझा अनुभव सांगतो. तो माझ्यापुरताच.

क्लासची फी सेशनच्या मानाने किरकोळ. माणसं भेटतात, चहा होतो, हात सुधारतो. मे महिन्यात आपल्याकडे जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, ही शर्यतच असते. ब्रश उजव्या कडेला पोचेपर्यंत डावी कडा वाळलेली. कागदाखाली ओलं फडकं ठेवायचं, ही युक्ती तिथल्या सरांची. दोन तास डोक्यात दुसरं काही येत नाही, आणि तेवढ्यानेही बरं वाटतं, हे मी नाकारत नाही.

फक्त एक गोष्ट मला गिळता आली नाही. वडील पूर्व भागात एका पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग चालू ठेवणारे कारागीर होते. एका रविवारी मी मागाचं चित्र काढलं, नुसता सांगाडा, सूत नसलेला. सर मागे येऊन उभे राहिले, "रिकामं वाटतंय हो" म्हणाले, माझ्या हातातला ब्रश घेतला आणि दोन मिनिटांत लाल-पिवळा ताणा भरून टाकला. चित्र देखणं झालं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर होतं, खाली अकरा अंगठे. आईने तर फ्रेम करून घेतलं. मला मात्र ते बघवेना. सरांचा दोष नाही. शिकवणाऱ्याने दुरुस्त करायचंच असतं.

बाईंकडे तोच माग पुन्हा काढला. त्यांनी कागदाला बोट लावलं नाही. बऱ्याच वेळाने एवढंच विचारलं, "माग कधीपासून बंद आहे?" मी उत्तर दिलं नाही, पाणी मागितलं. कागद त्यांच्या फाइलीत गेला. तो कुणाला दिसत नाही, अगदी घरच्यांनाही नाही.

सेशनं सुखाची असतात असं समजू नका. दोनदा मी गेलो त्याहून जड होऊन परतलो, एकदा तासभर नुसत्या रेघा ओढल्या. पैसे वाया गेले असंही वाटलं. पण पाचव्या-सहाव्या वेळेनंतर पहाटे तीनची जाग थांबली. चित्रांमुळे की काळामुळे, देव जाणे.

अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठाच्या गिरिजा कैमल यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४५ मिनिटं माती, मार्कर, कोलाज यांत रमल्यावर सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरलं होतं. चित्रकलेचा आधीचा सराव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. म्हणजे मग क्लासनेही भागेल, असं वाटेल. भागेलही. पण त्या अभ्यासात खोलीत आर्ट थेरपिस्ट होत्या, आणि काय काढायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं होतं.

सेशनकडे वळलात तर नुसत्या पाटीवर जाऊ नका. ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' हे नाव कायद्याने राखीव आहे, नोंदणीशिवाय लावता येत नाही. आपल्याकडे कुठे शिकलात, किती वर्षं करताय, कागद कुणाकडे राहतात, हे पहिल्याच भेटीत विचारावं. चांगला माणूस रागवत नाही. आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर ही तुलना बाजूला ठेवा, आधी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं.

नुसता विरंगुळा हवा असेल, चार माणसं हवी असतील, तर क्लास काही वाईट नाही. माझी बायको अजून तिथे जाते. परवाच सरांनी तिच्या सिद्धेश्वर तलावात दोन बदकं सोडली, ती खूश आहे.