ओम्नी कॅम्परचा कलर चेंज, उद्यमनगरातला अनुभव (४ स्टार, पाचवा का कापला ते सांगतो)

आमची ओम्नी २००९ ची, सिल्व्हर. मागं प्लायचा फोल्डिंग पलंग, त्याखाली दोन ड्रॉवर, बास, एवढाच आमचा कॅम्पर, आणि पासिंगला सीटा परत बसवता येतात. आंबोली, दाजीपूर, तारकर्ली सगळं हिच्यातनंच झालंय, पण समुद्रावर चारदोन मुक्काम झाले की पत्रा बोलायला लागतो, तसा आमचापण लागला. स्लायडिंग दरवाजाची खालची पट्टी, मागच्या चाकाची कमान, पुढच्या मॅटखाली, सगळीकडं गंज. मग म्हटलं रंग मारायचाच आहे तर नवाच मारू.

कोल्हापुरात उद्यमनगरात एक जुनं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे तिथं दिली, नाव टाकत नाही कारण खाली थोडी तक्रारपण आहे. मला मिलिटरी ग्रीन पाहिजे होता. पेंटर मामा बघतच म्हणाले, "त्यो रंग मी मारत न्हाई, आरटीओत परत पाठवतील." मला वाटलं टाळतायत, घरी येऊन शोधलं तर खरंच की, सेंट्रल मोटार व्हेइकल रूल्स १९८९ मधला १२१ वा नियम, ऑलिव्ह ग्रीन फक्त डिफेन्सच्या गाड्यांना. मग बायकोनं ठरवलं, वर क्रीम आणि खाली मोरपंखी, आणि आता वाटतं बरं झालं.

मामांचं मला आवडलं ते हे, की त्यांनी शेड कार्डाला हात लावायच्या आधी लोहचुंबक काढलं. गाडीभर फिरवत गेले आणि जिथं चिकटत नाही तिथं खडूनं गोल करत गेले, म्हणजे तिथं आधीच्या कुणीतरी जाड लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरून ठेवलेली. मागच्या कमानीवरची उकरली तर आत पत्राच नव्हता राव, नुसती लांबी आणि गंजाची जाळी! तो तुकडा कापून नवीन पत्रा वेल्डिंग केला, त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग सर्फेसर (पृष्ठभाग सपाट करणारा थर), मग वॉटर पेपर मारमारून पोरांची बोटं पांढरी, आणि शेवटी टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग. सांगितलेले ३८ हजार, झाले ५२. पण वाढलेला प्रत्येक रुपया आधी गाडीपाशी उभं करून दाखवला त्यामुळं राग नाही आला.

राग आला वेळेचा. पंधरा दिवस म्हणाले आणि दोन महिने लावले. यात अर्धी चूक माझी, गाडी जुलैत दिली. हार्डनर हवेतली ओल पकडतो आणि रंगात बारीक फोड येतात म्हणून प्रायमर मारून तशीच झाकून ठेवली पाऊस उघडेपर्यंत, ते बरोबरच आहे, पण भावा फोन तरी उचल! दर वेळी स्वतः जाऊन विचारायला लागायचं.

आता मेन मुद्दा. तोच रंग परत मारणं वेगळं आणि रंग बदलणं वेगळं. बाहेरनं कितीपण मोरपंखी करा, ओम्नीचा स्लायडिंग दरवाजा सरकवला की चौकटीत जुना सिल्व्हर हजर, आणि कॅम्परचा तो दरवाजा दिवसातनं पन्नास वेळा उघडतो. चौकटी, दरवाजांच्या आतल्या कडा, डिकीची आतली बाजू, हे सगळं बाहेरच्या कोटेशनमध्ये धरलेलंच नव्हतं, मी विचारल्यावर ६ हजार वेगळे सांगितले. दिले, आणि पैसे वसूल आहेत. पण पुढच्या सीटखाली, जिथं इंजिन असतं, तिथं सिल्व्हरच ठेवलाय. सीट उचलली की मेकॅनिक हसतो.

पाचवा स्टार मात्र काचेच्या बिडिंगसाठी, म्हणजे काचेभोवतीच्या रबरी पट्टीसाठी, कापला. पुढची काच उतरवली नाही, बिडिंगला नुसती मास्किंग टेप लावून फवारा मारला, आणि चार महिन्यांत तिथल्या एका कोपऱ्यात क्रीम रंगाची कड उचलायला लागली. घेऊन गेलो तर कुरकुर न करता फुकट करून दिलं, वर मोरपंखीची एक बाटली हार्डनर न घालता हातात दिली, टचअपला ठेवा म्हणाले. तरीपण काच पहिल्यांदाच उतरवायला पाहिजे होती, हे मी तोंडावर सांगितलं आणि त्यांनी मानपण हलवली.

कागदाचं विसरू नका. आरसीवर सिल्व्हर आणि रस्त्यावर मोरपंखी असं चालत नाही, आरटीओत अर्ज करून गाडी दाखवून रंग बदलल्याची नोंद करून घ्यायची आणि इन्शुरन्सवाल्यांनापण कळवायचं. हे गॅरेजवाले करून देत नाहीत, आपणच पळायचं.

कुणाला द्यायची असेल तर दिवाळीनंतर द्या, आणि भाव ठरवताना मामांना गाडीपाशी नेऊन चारी दरवाजे आणि डिकी उघडून दाखवा, मगच आकडा विचारा.