बायोकंडक्टरची डेटा पॅकेजेस : लातूरच्या लॅबमधून

सोयाबीन पेरून झालं तरी माझे वडील बियाण्याची पिशवी अन् तिचा निळा टॅग जपून ठेवायचे. उगवलं नाही तर लॉट नंबर हाच पुरावा. मी बायोटेक्नॉलॉजी शिकवते. आमच्याकडं जनुकांचा डेटा यायचा तो पेनड्राइव्हवर, ‘फायनल नवीन २’ अशा नावाच्या फाइलीत. कुणी काढला, कशातून काढला, काही पत्ता नाही. एका वर्षी स्प्रेडशीटनं ‘मार्च १’ या जनुकाची तारीख करून टाकली अन् लेकरांची दोन प्रॅक्टिकल वाया गेली. हा घोळ जगभर होत होता; २०२० साली अशा जनुकांची अधिकृत नावंच बदलावी लागली.

आता आम्ही बायोकंडक्टर वापरतो. जनुकांचा डेटा तपासायच्या पॅकेजेसचा, म्हणजे तयार प्रोग्राम अन् डेटाच्या गठ्ठ्यांचा, हा संग्रह. आर या संगणकीय भाषेवर चालणारा, २००१ पासूनचा, मुक्तस्रोत अन् मोफत. सुरुवात ‘एअरवे’ या पॅकेजनं करा. श्वासनलिकेच्या स्नायूपेशींचे ४ वाण, प्रत्येकाचा एक नमुना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड औषध दिलेला, एक न दिलेला, एकूण ८. औशाच्या एका मुलीनं विचारलं, “मॅडम, ह्यातले औषध दिलेले कोणते, कुठं लिहिलंय?” डेटासोबतच आलेला तक्ता उघडून दाखवला. नमुन्याचा नंबर एसआरआर १०३९५०८, पेशी एन ६१३११, औषध नाही. खालच्या ओळीत १०३९५०९, पेशी तीच, औषध दिलेलं. तिनं औषधाचे चार नमुने वेगळे काढले, तर तक्त्यातही त्याच चार ओळी उरल्या. आकडे एकीकडं अन् टॅग दुसरीकडं, असं होतच नाही. माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं हेच.

मोठा डेटा एक्सपेरिमेंटहब या बायोकंडक्टरच्याच ऑनलाइन कोठारातून येतो. एकदा उतरवला की मशीनवरच साठतो, अन् ‘लोकलहब’ ही सेटिंग चालू केली की नेटशिवाय उघडतो. आमच्याकडं दुपारी नेट हमखास जातं, म्हणून मी आदल्या संध्याकाळीच उतरवून ठेवते.

एक सांभाळा. बायोकंडक्टरची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, एप्रिल अन् ऑक्टोबरच्या सुमारास, आणि ती आरच्या ठरावीक आवृत्तीवरच चालते. वर्ष सुरू होताना सगळ्या मशीनवर आर अन् बायोकंडक्टरची एकच जोडी बसवा, मध्येच बदलू नका.

उणीव एकच, पण मला ती लागते. जनुकांच्या माहितीची तयार पॅकेजेस माणूस, उंदीर, फळमाशी अशा मोजक्या जीवांची, वनस्पतींत अरॅबिडॉप्सिस हे प्रयोगशाळेतलं छोटं रोप. इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या शेती संशोधन संस्थेच्या पुढाकारानं तुरीचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय आराखडा, वाचून दशक उलटलं, तरी आमच्या रानातल्या तुरीचं तसं तयार पॅकेज नाही. पण इथं कुणीही पॅकेज पाठवू शकतं, तपासणीही सगळ्यांसमोर उघड्यावर होते. आम्ही तुरीच्या ८ नमुन्यांचा तक्ता भरायला घेतलाय. वाण, पेरणीची तारीख, शिवार, पान कितव्या दिवशी तोडलं, एवढे रकाने झालेत.