हेड गॅस्केट सीलरची बाटली : कुठल्या लीकला टाकायची, कुठल्या नाही

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्याच्यावरचं हेड यांच्यामधलं सील, ते लीक झालं की रेडिएटरमध्ये ओतायचं सीलर मी घरीच वापरून बघितलं, गाडी अजून त्याच्यावरच चालतेय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. याच्याबद्दल दोनच मतं वाचायला मिळतात, एक तर जादू नाहीतर फसवणूक, आणि मला वाटतं दोघंही खरंच सांगतायत, फक्त त्यांच्या गाडीतला लीक वेगळा होता.

माझ्या गाडीत कूलंट कमी व्हायचं पण खाली एक थेंब नाही, होस कोरडे, वॉटर पंप कोरडा. सकाळी स्टार्ट केली की एक सिलिंडर अडखळायचा आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर, त्याला गोडसर वास. थंड इंजिनातून थोडी वाफ सगळ्याच गाड्यांची येते पण ती इंजिन तापलं की थांबते, ही थांबायची नाही. डिपस्टिक आणि ऑइलचं झाकण मात्र एकदम स्वच्छ, दुधाळपणा कुठेच नाही, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, का ते पुढे येईलच. मग ब्लॉक टेस्टर लावला. त्यात निळं लिक्विड असतं, ते रेडिएटरच्या तोंडावर धरून फुगा दाबत वरची हवा त्यातून ओढायची, सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पेट्रोल गाडीत निळ्याचं पिवळं होतं. माझं आधी हिरवट झालं आणि मग बघता बघता पिवळं. ही टेस्ट केल्याशिवाय बाटली विकत घेऊच नका, कारण कूलंट कमी व्हायला आणखी पन्नास कारणं असतात.

या बाटलीतला मुख्य माल म्हणजे सोडियम सिलिकेट. पाण्यात विरघळलेलं असतं तोवर कूलंटच्या वाटांमधून फिरत राहतं, गॅस्केटच्या फटीतून सिलिंडरच्या बाजूला झिरपलं की तिथल्या उष्णतेने पाणी उडून जातं आणि मागे काचेसारखा कडक थर राहतो. म्हणून केसाएवढी फट असेल तर काम होतं. हेडच वाकलेलं असेल, गाडी कूलंट बाहेर फेकत असेल किंवा काही मिनिटांतच काटा लाल रेषेवर जात असेल तर कितीही बाटल्या ओता, पैसे पाण्यात.

आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये मिसळत असेल, तर बाटलीला हात लावू नका. 2009 साली अमेरिकेत जुन्या गाड्या भंगारात काढायची सरकारी स्कीम होती, त्यात इंजिन परत कुणी वापरू नये म्हणून ऑइल काढून त्याजागी हेच सोडियम सिलिकेटचं पाणी भरायचे आणि इंजिन जाम होईपर्यंत चालवायचे! बेअरिंगपर्यंत हा माल पोचला तर काय होतं ते यावरून समजा.

टाकायची पद्धत कंटाळवाणी आहे आणि अर्धी लोकं इथेच गडबड करतात. मी घेतलेल्या बाटलीवर जुनं कूलंट पूर्ण काढून साध्या पाण्याने फ्लश करायला सांगितलंय, कारण कूलंटमधल्या अँटीफ्रीझबरोबर सिलिकेटचा जेलीसारखा गोळा होऊ शकतो. काही सीलर कूलंटमध्ये चालतात, पण तसं बाटलीवर लिहिलेलं असेल तरच. मग थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडबंद करणारा व्हॉल्व्ह) काढायचा, हीटर फुल गरमवर, बाटली जोरात हलवून इंजिन चालू असताना हळूहळू ओतायची आणि सांगितलाय तेवढा वेळ गाडी आयडलवर ठेवायची. नंतर कूलिंग सिस्टिम रिकामी करून रात्रभर सुकू द्यायची, थर्मोस्टॅट परत, आणि नवं कूलंट. गरम रेडिएटरचं झाकण चुकूनही उघडू नका, आत प्रेशर असतं, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका, चवीला गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

रिझल्ट चांगला आहे. अडखळणं गेलं, धूर गेला, कूलंटच्या टाकीवर मार्करने रेघ मारून ठेवली होती ती लेव्हल हलत नाहीये, ब्लॉक टेस्टमध्येही लिक्विड निळंच राहिलं. हीटरची गरम हवा मात्र आधीपेक्षा कमी येते, हीटर कोरच्या बारीक नळ्यांत थोडा माल बसला असणार. हे त्या बाटलीवर कुठेच लिहिलेलं नाही, उलट मोठ्या अक्षरात ‘कायमचं’ लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. हे वेळ मिळवायचं साधन आहे, नवं गॅस्केट नाही.

खरं काम म्हणजे हेड उतरवणं, स्ट्रेट एज आणि फीलर गेज लावून वाक मोजणं (बऱ्याच इंजिनांत 0.05 मिमीच्या आसपास गेलं की फेसिंगला, म्हणजे मशीनवर घासून सपाट करायला, द्यावं लागतं, आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा), हेडचे बोल्ट एकदा आवळले की कायमचे ताणले जाणारे असतील तर नवेच घालणं आणि टॉर्क रेंचने दिलेल्या क्रमानेच आवळणं.

माझ्याकडून पाचपैकी तीन स्टार, तेसुद्धा फक्त सिलिंडरच्या बाजूच्या बारीक लीकसाठी. पुढे कधी हेड उतरवायला दिलंत तर सीलर टाकलंय हे मेकॅनिकला आधीच सांगा, म्हणजे तो कूलंटच्या वाटा आणि रेडिएटर साफ करूनच नवं गॅस्केट बसवेल.