जीएचआयसी कार्डाचे आमच्याकडून १४० पाउंड घेतले, ते कार्ड फुकट मिळतं

ब्रिटनमधून सुट्टीला युरोपात जाणाऱ्या सगळ्यांनी प्लीज वाचा. जीएचआयसी म्हणजे युरोपातल्या सरकारी दवाखान्यात उपचारांसाठी चालणारं ब्रिटनचं हेल्थ कार्ड. आमचे पैसे तर गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे इन्शुरन्स नसताना तो आहे असं धरून आम्ही चौघं स्पेनला गेलो.

झालं असं की तिकिटं बुक झाल्यावर बायको म्हणाली ते हेल्थ कार्ड पण काढून टाक, म्हणून मी फोनवर सर्च केलं आणि सगळ्यात वर जी साइट आली ती उघडली. ती जाहिरात होती हे लक्षातच आलं नाही. निळा-पांढरा रंग, कार्डाचा फोटो, फॉर्ममध्ये जन्मतारीख, पत्ता, एनएचएस (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) नंबर सगळं व्यवस्थित विचारलेलं, मग संशय कशाला येईल. माणशी ३५ पाउंड, चौघांचे १४०. पेमेंटच्या पानावर मोठ्या अक्षरात 'युरोपमध्ये संपूर्ण हेल्थ कव्हर' असं होतं, ते वाचून मी ठरवलं की मग वेगळा ट्रॅव्हल इन्शुरन्स नको. पानाच्या तळाला फिकट करड्या अक्षरात एक ओळ होती, आमचा सरकारशी संबंध नाही, आम्ही फक्त अर्ज तपासून पुढे पाठवतो. ती ओळ मी परत आल्यावर वाचली.

कार्डं पोस्टाने आली आणि ती खरी होती. खरी मेख इथेच आहे. ही मंडळी तुमचीच माहिती एनएचएसच्या फॉर्ममध्ये भरतात, जो फॉर्म फुकट आहे, आणि मधल्या मधे पैसे खातात. कार्ड हातात आलं की कोणाला वाटणार आपण फसलोय?

मालागाजवळ उतरलो होतो. परत निघायच्या आदल्या दिवशी दुपारी पोरगा पूलच्या कडेला घसरला आणि कोपरावर पडला, नऊ वर्षांचा आहे, बघता बघता हात सुजला. रिसेप्शनवाल्याने लगेच गाडी बोलावून एका क्लिनिकला पाठवलं. काउंटरवरच्या बाईंनी कार्ड हातात घेतलं, बघितलं आणि दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवलं, 'प्रिवादो' म्हणाल्या. म्हणजे हे खाजगी, इथे चालत नाही. एक्स-रे काढायच्या आधीच ६०० युरो भरा. पोरगं हात छातीशी धरून रडतंय, तिथे कोण वाद घालणार, भरले. मग म्हणाले ऑपरेशन लागेल, आजच ॲडमिट करा, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून बायको खुर्चीतच बसली.

बाहेर एका टॅक्सीवाल्याने, देव त्याचं भलं करो, सरकारी हॉस्पिटलच्या 'उर्खेंसियास'ला, म्हणजे इमर्जन्सीला, नेऊन सोडलं. तिथे तेच कार्ड, त्याची कॉपी काढली, एक फॉर्म भरून घेतला आणि कुणी एक पैसा मागितला नाही. डॉक्टरांनी फिल्म बघून ऑपरेशनची गरज नाही म्हणून सांगितलं आणि प्लास्टर घातलं.

पण नवीन प्लास्टर असलं की विमान कंपन्या साधारण ४८ तास बसू देत नाहीत, कारण वर गेल्यावर हात आत सुजतो. सकाळची फ्लाइट गेली, दोन रात्री हॉटेल, चौघांची नवी तिकिटं, हे सगळं खिशातून. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये असा खर्च सहसा बसतो, कार्डात बसत नाही. कार्ड फक्त सरकारी दवाखान्यातल्या गरजेच्या उपचारांसाठी आहे, तिथल्या लोकांना जे मिळतं ते आणि त्याच दरात, म्हणजे काही देशांत थोडे पैसे द्यावेही लागतात. खाजगी दवाखाना, डोंगरातून सोडवून आणणं, आजारी माणसाला घरी परत आणायचा खर्च, यातलं काहीच त्यात नाही. एनएचएस स्वतःच सांगतं की कार्ड आणि इन्शुरन्स दोन्ही घ्या.

बँकेकडे १४० पाउंड परत मागितले तर उत्तर आलं की तुम्ही स्वतः ओके केलं आणि सर्व्हिस मिळालीय. त्यावर पुन्हा तक्रार टाकलीय.

तेव्हा कार्ड काढायचं तर एनएचएसच्या साइटवर स्वतः जाऊन काढा, जाहिरातीच्या लिंकवरून नको. पोराटोरांनाही प्रत्येकी वेगळं लागतं, ते जास्तीत जास्त पाच वर्षं चालतं, आणि प्रवासात हरवलं तर एनएचएसला फोन करून त्याऐवजी चालणारं तात्पुरतं सर्टिफिकेट मागवता येतं. इन्शुरन्स तिकीट काढलं त्याच दिवशी घ्या, दमा, बीपी, शुगर काही असेल तर लपवू नका नाहीतर क्लेम तिथेच अडकतो, आणि त्यांचा इमर्जन्सी नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. हॉटेलवाला गाडीत बसवेल त्याआधी त्या नंबरवर विचारा कुठल्या हॉस्पिटलला जायचं. अगदीच जिवावरचं असेल तर थेट ११२, म्हणजे युरोपातला इमर्जन्सी नंबर, लावा.

पोराचा हात आता बरा आहे. गेल्या आठवड्यात त्याच साइटचा ईमेल आलाय, 'तुमचं कार्ड लगेच रिन्यू करा', आणि कार्डावरची तारीख संपायला अजून चार वर्षं आहेत. तो ईमेल पण बँकेच्या तक्रारीला जोडलाय.