पीएफटी टेस्टचा माझा अनुभव: दोन सेंटर, दोन रिपोर्ट, छाती मात्र एकच

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. वय ४६. चार महिने कोरडा खोकला, पहाटे जास्त, जिना चढताना दम लागायचा आणि कधीकधी छातीत बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. एक्स-रे स्वच्छ, रक्त नॉर्मल, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ९८ दाखवणार. शेवटी डॉक्टरांनी पीएफटी लिहून दिली, म्हणजे पल्मनरी फंक्शन टेस्ट, त्यातली मुख्य टेस्ट स्पायरोमेट्री. ती मी महिन्याभराच्या अंतराने दोन ठिकाणी केली आणि दोन्हीकडचे रिपोर्ट इतके वेगळे आले की हे लिहायलाच हवं असं वाटलं. सेंटरची नावं देत नाही, पण टेस्ट चांगली झाली की घाईत उरकली हे तुमचं तुम्हाला ओळखता यावं एवढीच इच्छा आहे.

पहिलं सेंटर. गेले, नाव वय विचारलं, उंची विचारली, मी १६२ सांगितली (कॉलेजात मोजलेली, तीच डोक्यात बसलीय), त्यांनी टाईप केली, हातात पुठ्ठ्याची नळी दिली आणि म्हणाले फुंका. नाकाला क्लिप नाही. मी फुंकलं, खोकला आला, म्हणाले परत एकदा, परत फुंकलं, दोन सेकंदात मला वाटलं आता हवा संपली म्हणून तोंड काढलं, ते म्हणाले झालं. पाच मिनिटांत बाहेर. रिपोर्टवर मशीनने स्वतःच छापलं होतं की रिस्ट्रिक्शन आहे. एफव्हीसी २.०५ लिटर, अपेक्षेच्या ६४%. घरी येऊन मी रिस्ट्रिक्शन म्हणजे काय ते वाचत बसले आणि फुफ्फुसं आकसण्याच्या आजारांची एकेक नावं वाचून दोन आठवडे मला नीट झोप लागली नाही. या दोन आठवड्यांचा राग माझ्या मनात अजून आहे.

आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला तो आकडे सोडून आधी ग्राफ बघितला. म्हणाले हा बघा, वेळेचा ग्राफ दोन सेकंदाला कड्यासारखा तुटलाय, तो हळूहळू सपाट व्हायला हवा होता, म्हणजे तुमच्या छातीत हवा शिल्लक असतानाच टेस्ट थांबली. हा रिपोर्ट मी धरत नाही, परत करा.

इथे थोडं समजावून सांगते, कारण हे कळलं नाही तर पुढचं काही कळणार नाही. टेस्टमध्ये दोन आकडे मुख्य. पूर्ण छाती भरून घेऊन सगळ्या जोराने जेवढी हवा तुम्ही बाहेर काढू शकता ती एकूण हवा म्हणजे एफव्हीसी. त्यातली पहिल्या एका सेकंदात जेवढी बाहेर येते ती एफईव्ही-वन. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की येतो तो रेशो. श्वासाच्या नळ्या अरुंद झाल्या असतील तर हवा असते पण निघायला वेळ लागतो, बारीक तोंडाच्या बाटलीतून पाणी ओतावं तसं, म्हणून पहिल्या सेकंदाचा आकडा पडतो आणि रेशो कमी होतो. याला ऑब्स्ट्रक्शन म्हणतात, दमा आणि सीओपीडी (श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार) यात बसतात. उलट फुफ्फुसात मावणारी हवाच कमी असेल तर दोन्ही आकडे पडतात पण रेशो चांगला राहतो किंवा वाढतो, ते रिस्ट्रिक्शन. आता विचार करा, नळ्या अरुंद असलेल्या माणसाने दोन सेकंदात फुंकणं थांबवलं तर काय होईल? उशिरा निघणारी हवा मोजलीच जाणार नाही, एफव्हीसी खोटी कमी दिसेल, रेशो खोटा चांगला दिसेल आणि मशीन रिस्ट्रिक्शन छापून मोकळं होईल. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं होतं, रेशो ०.८७.

शिवाय उंची. रिपोर्टमधलं प्रेडिक्टेड म्हणजे तुमच्या वयाच्या, उंचीच्या, तुमच्यासारख्याच स्त्री किंवा पुरुषाच्या निरोगी फुफ्फुसाचा अपेक्षित आकडा, आणि सगळी टक्केवारी त्यावर. दुसऱ्या सेंटरला बूट काढून उंची मोजली तर १५८ निघाली. ४ सेंटिमीटरच्या फरकाने अपेक्षित एफव्हीसी ३.२० ची ३.०१ झाली! म्हणजे काहीही न करता माझी टक्केवारी सुधारली. उंची विचारून टाईप करणाऱ्या ठिकाणी सरळ म्हणा की मोजा. ज्यांना सरळ उभं राहता येत नाही त्यांचे दोन्ही हात आडवे पसरून मोजतात आणि त्यावरून उंचीचा अंदाज काढतात, हेही तिथेच कळलं.

आता दुसरं सेंटर, ज्याच्यासाठी खरं तर हा रिव्ह्यू आहे. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. कोणते पंप घेता, सकाळी साल्ब्युटामॉल (नळ्या पटकन मोकळ्या करणारं पंपातलं औषध) घेऊ नका, टेस्टच्या आधी निदान ४ ते ६ तास नको, जास्त वेळ चालणारा पंप असेल तर २४ तास किंवा त्याहून जास्त आधी थांबवावा लागतो पण तो डॉक्टरांना विचारूनच थांबवा, तासभर आधी सिगरेट नको, जोराचा व्यायाम नको, पोट गच्च भरून येऊ नका, कपडे छातीपोटाला सैल घाला. मग विचारलं हल्लीच हार्ट अटॅक, डोळ्याचं, मेंदूचं, छातीचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालंय का, कारण जोरात फुंकताना आत सगळीकडे दाब वाढतो. पहिल्या ठिकाणी यातलं एकही वाक्य कुणी विचारलं नव्हतं.

टेक्निशियन बाई होत्या आणि त्या खरंच शिकवतात. आधी स्वतः करून दाखवलं. मी बसल्यावर खुर्चीला हात आहेत ना बघितलं (चक्कर आली तर पडू नये म्हणून), फिल्टरचं पाकीट माझ्यासमोर फोडलं, नाकाला क्लिप, जीभ नळीच्या खाली, ओठ घट्ट. मग सुरू. घ्या घ्या घ्या अजून घ्या, आणि सोडा!! सोडा म्हणताना त्या एवढ्या जोरात ओरडल्या की मी दचकून जे फुंकलं ते आयुष्यात कधी फुंकलं नसेल, आणि मग अजून, अजून, चालू ठेवा, थांबू नका, पोट आत, अजून, स्क्रीनवरची रेघ सपाट झाल्याशिवाय सोडलंच नाही मला. सात-आठ सेकंद गेले असतील. डोळ्यापुढे काजवे चमकले. हे ओरडणं उद्धटपणा नाही बरं का, तोच टेस्टचा आत्मा आहे. त्यांनी सांगितलं की पहिला फटका अचानक आणि पूर्ण ताकदीने हवा, कारण हळू सुरुवात केली की पहिल्या सेकंदाचा आकडा बिघडतो, पण नंतरच्या भागात कितीही जोर लावला तरी हवा जास्त वेगाने येत नाही, नळ्याच दाबल्या जातात, तिथे फक्त चिकाटी लागते.

पहिल्या प्रयत्नात मला खोकला आला, त्यांनी तो धरलाच नाही. दोन मिनिटं विश्रांती, परत. दुसऱ्यात सुरुवात ढिली झाली म्हणून तोही बाद. असे पाच झाले तेव्हा तीन चांगले मिळाले, एफईव्ही-वन १.८७, १.८३ आणि १.८०. नियम असा की कमीत कमी तीन चांगले प्रयत्न हवेत आणि त्यातले सगळ्यात वरचे दोन १५० मिलीलिटरच्या आत जुळायला हवेत, मोठ्या माणसांना जास्तीत जास्त आठ प्रयत्न देतात. तुमच्या रिपोर्टवर एकच प्रयत्न छापला असेल तर बाकीचे मागा. क्वालिटी ग्रेड असते तीही बघा, ए सगळ्यात चांगली. मी मशीनच्या कॅलिब्रेशनचं विचारलं, तर चिडल्या नाहीत, ३ लिटरची मोठी सिरिंज दाखवली, रोज सकाळी ती ढकलून मशीन ३ लिटरच मोजतंय का ते तपासतात आणि वहीत लिहितात. ती वहीसुद्धा दाखवली.

मग साल्ब्युटामॉलचे चार पफ स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या पोकळ नळीतून) दिले, पंधरा मिनिटं बसवलं आणि सगळं परत केलं.

निकाल: एफव्हीसी २.९२ लिटर, म्हणजे ९७%. फुफ्फुसं आकसलेली वगैरे काही नव्हती! एफईव्ही-वन १.८७, रेशो ०.६४, म्हणजे नळ्या अरुंद. आणि औषधानंतर एफईव्ही-वन २.२४, रेशो ०.७४. एका औषधाने ३७० मिली वाढली. जुन्या नियमाने १२% आणि २०० मिली दोन्ही वाढलं तर अर्थपूर्ण धरायचे, २०२१ पासून नव्या पद्धतीत अपेक्षित आकड्याच्या १०% पेक्षा जास्त वाढ बघतात, माझी दोन्हीकडे बसते. डॉक्टरांनी लक्षणं आणि हे धरून दमा सांगितला आणि रोजचा पंप सुरू केला. खोकला तीन आठवड्यांत गेला. मी त्या दिवशी क्लिनिकच्या बाहेर येऊन रडले, कारण दोन आठवडे मी भलत्याच आजाराची भीती घेऊन फिरत होते.

ऑक्सिमीटर ९८ असूनही हे कसं, असं मीही विचारलं. तो फक्त रक्तात ऑक्सिजन किती पोचला ते सांगतो, नळ्या अरुंद असल्या तरी शरीर बराच काळ जास्त मेहनत करून ते सांभाळून घेतं. आणि घरात आईच्या ऑपरेशननंतर आणलेलं तीन बॉलचं यंत्र होतं, त्यात माझे तिन्ही बॉल वर जायचे म्हणून मी निश्चिंत होते. ते यंत्र श्वास आत घ्यायच्या व्यायामाचं आहे, ६००, ९००, १२०० हे आकडे हवा किती वेगाने आत ओढली त्याचे, आणि दम्यात अडचण मुख्यतः बाहेर सोडताना असते. श्वास किती सेकंद रोखता येतो यावरून फुफ्फुस तपासायचे मेसेज कोविडच्या काळात फिरायचे, तीही टेस्ट नव्हे.

एक गोष्ट मला फार आवडली म्हणून लिहिते. स्पायरोमीटर १८४६ पासून आहे, जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज सर्जनने पाण्यावर तरंगणाऱ्या भांड्याचं बनवलं आणि दोन हजारांहून जास्त माणसांना त्यात फुंकायला लावून बघितलं की उंचीप्रमाणे हवा वाढते. व्हायटल कपॅसिटी हा शब्द त्याचाच. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी उंचीचं महत्त्व कळलेलं, आणि मला उंची तोंडी विचारली गेली!

मर्यादाही सांगायला हव्यात. कितीही फुंकलं तरी मोठ्या माणसाच्या छातीत साधारण लिटर-सव्वा लिटर हवा राहतेच, ती या टेस्टमध्ये मोजता येत नाही. खरं रिस्ट्रिक्शन आहे का हे ठरवायला ती लागते, त्यासाठी काचेच्या केबिनमध्ये बसवून बॉडी प्लेथिस्मोग्राफी करतात किंवा हेलियमची टेस्ट. हवेतला वायू रक्तात किती उतरतो त्यासाठी डीएलसीओ वेगळी, त्यात अगदी थोडा कार्बन मोनॉक्साईड असलेली हवा घेऊन १० सेकंद श्वास धरायचा असतो. मला या लागल्या नाहीत. आणि रेशो ०.७० च्या खाली म्हणजे आजारच असं सरसकट नसतं, वयाप्रमाणे तो आपोआप उतरतो, म्हणून वयस्कर माणसाच्या रिपोर्टमध्ये एलएलएन (लोअर लिमिट ऑफ नॉर्मल, म्हणजे नॉर्मलची खालची मर्यादा) नावाचा रकाना बघा, निरोगी शंभरातले फक्त पाच जण त्या रेषेच्या खाली असतात.

दुसऱ्या सेंटरला पाचपैकी चार स्टार देते. एक कापला कारण रिपोर्ट हातात दिला पण समजावून सांगायला कुणी नव्हतं, डॉक्टरांना दाखवा एवढंच, आणि वेळ सकाळी दहाची दिलेली, नंबर लागला सव्वाअकराला, खोकणारी माणसं एका बंद खोलीत बसवलेली, हे श्वासाच्या सेंटरला शोभत नाही. पहिल्याला एक, तोही मशीन चालू होतं म्हणून.

बायकांसाठी एक, कुणी सांगत नाही म्हणून. टेस्टच्या आधी बाथरूमला जाऊन या. एवढ्या जोरात फुंकताना बऱ्याच जणींना थेंबभर लघवी होते, आणि त्या लाजेने आपण जोर कमी लावतो, आणि रिपोर्ट बिघडतो. मी ते टेक्निशियन बाईंना कुजबुजत सांगितलं तर त्या म्हणाल्या, अहो रोज होतं इथे, बिनधास्त फुंका. कवळी नीट बसत असेल तर ती काढू नका, ओठांना आधार मिळतो.

आता घरी पीक फ्लो मीटर (फुंकरीचा सगळ्यात जास्त वेग मोजणारं छोटं यंत्र) आणलंय, सकाळ-संध्याकाळ तीन फुंकरा आणि सगळ्यात मोठा आकडा वहीत. पुढची पीएफटी सहा महिन्यांनी, त्याच सेंटरला, सकाळचीच वेळ घेतलीय म्हणजे तुलना नीट होईल. हा रिपोर्ट ग्राफसकट फाईलला लावून ठेवलाय, पहिलाही ठेवलाय, त्यावर मात्र पेनने मोठ्या अक्षरात लिहिलंय, धरू नये.