वायर कापण्याआधी मोजणारे दुकान : कामठी रोडवरील एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडचे काम

गाडीत नवा स्टीरिओ, कॅमेरा किंवा रंगीत दिव्यांची पट्टी बसवून देणारी दुकाने नागपुरात कुठल्याही मोठ्या रस्त्यावर सापडतात. या वस्तूंमुळे गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये गुंता झाला, तर तो सोडवून देणारा माणूस मात्र शोधावा लागतो. कामठी रोडवर, ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे आत वळणाऱ्या गल्लीतले हे छोटे दुकान अशा शोधातून मला मिळाले, आणि येथे काम कसे होते हे इतरांनाही नीट कळावे म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

माझ्या हॅचबॅकमध्ये शहरातल्या दुसऱ्या एका दुकानातून अँड्रॉइड स्टीरिओ, सीटखालचा वूफर, रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम आणि डॅशबोर्डखालची दिव्यांची पट्टी असे सगळे एकदमच बसवून घेतले होते. त्यानंतर गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ लागेनासा झाला. किल्ली काढली की स्टीरिओ वेळ, स्टेशन, आवाजाची मांडणी सगळे विसरत असे. इंजिनाचा वेग वाढला की स्पीकरमधून शिट्टीसारखा बारीक आवाज चढत जाई, आणि रिव्हर्स गिअर टाकला की कॅमेऱ्याचे चित्र लुकलुकत राही. इतर ठिकाणी मला नवी बॅटरी घेण्याचा किंवा स्टीरिओ बदलण्याचा सल्ला मिळाला. या दुकानाच्या मालकांनी दोन्हींपैकी काहीच सुचवले नाही. बोनेट उघडून ते एवढेच म्हणाले, ‘‘ताई, आधी मोजू द्या. तोडातोडीचं मंग पाहू.’’

तपासणीचे ८०० रुपये वेगळे पडतील, हे त्यांनी गाडीला हात लावण्याआधीच सांगितले होते. ही रक्कम मला अजिबात जास्त वाटली नाही, कारण या दुकानाचे खरे कौशल्य तपासणीतच आहे आणि त्यानंतरचे जोडकाम तुलनेने थोडक्यात आटोपते. बॅटरी कशामुळे उतरते हे शोधण्यासाठी त्यांनी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकात मल्टीमीटर (प्रवाह आणि व्होल्टेज मोजणारे यंत्र) असा जोडला की सगळा प्रवाह त्यातूनच जावा, दाराचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत नेऊन ठेवले म्हणजे गाडीला दार लागलेच आहे असे वाटावे, आणि मग अर्धा तास कशालाही हात लावला नाही. आजच्या गाड्यांमधले कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे संगणक, किल्ली काढल्यावर लगेच झोपत नाहीत. ते शांत होण्याआधी घेतलेले रीडिंग फसवे असते, हे त्यांनी वाट पाहताना समजावून सांगितले. एरवी ५० मिलीअँपिअरच्या आत असायला हवा असा प्रवाह माझ्या गाडीत ३८० मिलीअँपिअर निघाला. त्याचा हिशेब तिथेच कागदावर मांडला : दिवसाला सुमारे ९ अँपिअर-अवर, आणि बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, तीही नवी नाही. गाडी तिसऱ्या दिवशी बंद पडण्यात नवल नव्हते.

यापुढची पद्धत मला विशेष आवडली. बहुतेक ठिकाणी एकेक फ्यूज उपसून कुठे आकडा उतरतो ते पाहतात, पण फ्यूज काढला-घातला की झोपलेले मॉड्यूल पुन्हा जागे होते आणि सगळी मोजणी पहिल्यापासून करावी लागते. येथे फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या टिकल्यांवर मल्टीमीटरची टोके टेकवली जातात आणि मिलिव्होल्ट वाचले जातात. प्रवाह वाहत असेल तर फ्यूजच्या अल्पशा रोधामुळे तिथे काहीतरी आकडा दिसतोच. एकामागून एक फ्यूज शून्य दाखवत गेले आणि आतल्या दिव्याच्या १० अँपिअरच्या फ्यूजवर अडीच मिलिव्होल्टच्या आसपास आकडा स्थिरावला. डॅशकॅमची वायर कायम चालू असलेल्या याच लाइनवर मारलेली होती, त्यामुळे कॅमेरा रात्रंदिवस रेकॉर्डिंग करत होता.

यावर त्यांनी थेट उपाय न करता प्रश्न विचारला : उभ्या गाडीचे रेकॉर्डिंग तुम्हाला खरोखर हवे आहे का? हवे असेल तर व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेल्यावर कॅमेरा बंद करणारे किट घालावे लागेल. नको असेल तर कॅमेरा किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या लाइनवर टाकणे पुरेसे आहे. माझी गाडी सोसायटीच्या आवारात उभी राहते, म्हणून दुसरा आणि स्वस्त मार्ग ठरला. महागडे किट सहज विकता आले असते, पण त्यांनी तसे केले नाही, याची नोंद मुद्दाम करते.

त्याच वायरचा मागोवा घेताना अधिक गंभीर गोष्ट उघड झाली. काचेच्या बाजूच्या खांबावरचे आवरण काढल्यावर दिसले की डॅशकॅमची वायर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगच्या समोरून ओढलेली होती. अपघातात एअरबॅग फुगताना अशी वायर तिच्या वाटेत येऊ शकते. त्यांनी बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडून काही मिनिटे जाऊ दिली आणि मग वायर एअरबॅगच्या मागच्या बाजूने नेऊन मूळ वायरिंगला बांधली. एअरबॅगच्या, म्हणजे पिवळ्या कपलरच्या (वायर जोडणाऱ्या प्लगच्या) किंवा पिवळ्या आवरणाच्या वायरला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, हा नियम त्यांनी हाताखालच्या मुलाला माझ्यासमोर पुन्हा ऐकवला. ज्यांच्या गाडीत बाहेरून डॅशकॅम बसवला आहे त्यांनी निदान हा एक भाग तरी उघडून पाहून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

स्टीरिओच्या विसरभोळेपणाचे कारण सोपे निघाले. बाहेरच्या स्टीरिओच्या पिवळ्या वायरला कायमचे १२ व्होल्ट लागतात, त्यावर त्याची स्मृती टिकते. लाल वायरला किल्ली फिरवल्यावर येणारा पुरवठा लागतो. काळी अर्थिंगची असते. तयार मिळणाऱ्या कपलरमध्ये पिवळ्या आणि लालची जागा सर्व गाड्यांत सारखी नसते, आणि माझ्या गाडीत ती नेमकी उलटी होती. येथे वायर कापून उलट जोडण्याऐवजी सुईसारख्या बारीक हत्याराने कपलरमधली पिनेची खिटी दाबली, दोन्ही पिना अलगद मागे ओढल्या आणि जागा बदलून पुन्हा टक् आवाज येईपर्यंत आत बसवल्या. गाडीच्या मूळ वायरला कुठेही चीर गेली नाही. उद्या जुना स्टीरिओ परत लावायचा झाला, तर तो कपलरवर सरळ बसेल.

शिट्टीच्या आवाजासाठी त्यांनी इंजिन चालू ठेवून स्टीरिओच्या धातूच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतचे व्होल्टेज मोजले, तर ते ०.६ व्होल्ट आले. चांगल्या अर्थिंगमध्ये हा आकडा ०.१ च्या खाली असावा. आधीच्या कारागिराने अर्थिंग रंग दिलेल्या पट्टीच्या स्क्रूखाली दाबली होती. रंगामुळे धातूला धातू नीट भिडत नव्हता, म्हणून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा गोंगाट ध्वनीच्या वाटेने स्पीकरमध्ये येत होता. गाडीच्या कंपनीने दिलेल्या मूळ अर्थिंगच्या बोल्टवर गोल टर्मिनल दाबून बसवल्यावर आवाज बराच कमी झाला. वूफरची ध्वनीची वायर पुरवठ्याच्या जाड वायरीला चिकटून एकाच बाजूने नेलेली होती, ती दुसऱ्या दाराच्या पट्टीखालून फिरवल्यावर उरलेलाही गेला.

दिव्यांच्या पट्टीला पुरवठा निळ्या-पांढऱ्या वायरवरून दिला होता. ती वायर वूफरच्या अॅम्प्लिफायरला जागे करण्याचा इशारा देण्यापुरती असते. तिच्यावर दिव्यांचा भार टाकला तर स्टीरिओच्या आतला भाग जळू शकतो. आता त्या वायरने फक्त रिले (छोट्या इशाऱ्यावर मोठा पुरवठा चालू-बंद करणारा स्विच) चालतो आणि दिव्यांना स्वतंत्र फ्यूजमधून पुरवठा मिळतो. कॅमेऱ्याचे लुकलुकणे रिव्हर्स दिव्याच्या वायरमधला पुरवठा सलग नसून तुटक ठोक्यांनी येत असल्यामुळे होते, आणि मध्ये एक छोटा फिल्टर घातल्यावर ते थांबले.

जोडकामाची सफाई वेगळी सांगायला हवी. साध्या प्लॅस्टिकच्या इन्सुलेशन टेपचा डिंक नागपूरच्या उन्हाळ्यात टिकत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या डॅशबोर्डची स्थिती त्याहून कठीण असते. माझ्या गाडीतले जुने जोड उघडले तेव्हा टेप वायरवरून सरकून गेली होती, बोटांना काळा चिकटा लागत होता आणि एका ठिकाणी तांब्याच्या उघड्या तारा दिसत होत्या. येथे प्रत्येक जोड दाबून बसवणाऱ्या (क्रिम्पिंगच्या) पकडीने पक्का करून त्यावर उष्णतेने आकसणारी स्लीव्ह चढवतात. शेजारशेजारचे जोड एकाच जागी येऊ न देता पुढे-मागे ठेवतात, आणि वरून गाडीच्या कंपन्या वापरतात तशी कापडी टेप गुंडाळतात. त्यामुळे खडबडीत रस्त्यावर डॅशबोर्डमागून येणारी खडखडही थांबली. फ्यूजचा आकडा वस्तू पाहून नव्हे, तर वायरची जाडी पाहून ठरवला, हेही योग्यच झाले, कारण फ्यूज वायरला आगीपासून वाचवण्यासाठी असतो.

शेवटी पुन्हा प्रवाह मोजला. तो २२ मिलीअँपिअर आला आणि तो आकडा त्यांनी बिलावर लिहून दिला. तपासणी, सामान आणि मजुरी मिळून ४,२०० रुपये झाले.

उणिवाही आहेत, आणि त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या. दुकानापुढे एका वेळी दोनच गाड्या उभ्या राहू शकतात आणि सावली फक्त सकाळी असते. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी काम थांबवून संध्याकाळी पुन्हा सुरू करतात. फोन क्वचितच उचलला जातो. एका दिवसात काम होईल अशी आशा ठेवू नये, माझी गाडी मुक्कामाला ठेवावी लागली. कोणती वायर कुठे जोडली याची आकृती मी मागितल्यावर लगेच काढून दिली, पण ती न मागता प्रत्येक ग्राहकाला मिळायला हवी, कारण पुढच्या कारागिराला तिचा मोठा उपयोग असतो. ऑनलाइन मागवलेले सामान ते बसवून देतात, मात्र हमी केवळ स्वतःच्या जोडकामाची देतात, हे मला न्याय्य वाटते.

गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल तर येथे येण्याआधी काय बदलायचे आहे ते डीलरकडे लेखी विचारून घ्यावे. मालकही पहिला प्रश्न तोच विचारतात. केवळ सीट कव्हर किंवा हॉर्न बदलायचा असेल तर इतक्या दूर येण्याचे कारण नाही. बॅटरी उतरण्याचे कारण सापडत नसेल किंवा एकावर एक बसवलेल्या वस्तूंमुळे काही बंद पडले असेल, तर सकाळी १० च्या आत, आधीच्या दुकानाचे बिल आणि स्टीरिओबरोबर आलेले वायरिंगचे कागद घेऊन यावे. माझ्या गाडीच्या स्टीअरिंगवरची बटणे अजून नव्या स्टीरिओशी जोडायची राहिली आहेत. ती कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या मॉड्यूलमध्ये संदेश वाहणाऱ्या सामाईक वायरवरून, चालत असल्याने माझ्या मॉडेलचाच अॅडॉप्टर लागेल, तो मिळेपर्यंत अंदाजाने काही जोडणार नाही, असे मालकांनी स्पष्ट सांगितले आहे, आणि अॅडॉप्टर आला की हे काम मी त्यांच्याकडूनच करून घेणार आहे.