बेनिडॉर्मच्या सहलीचे पैसे लिथुआनियाच्या खात्यात

हा अनुभव मी विशेषतः इंग्लंडमध्ये भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी लिहीत आहे, कारण ज्या माणसाने आम्हाला फसवले त्याला आपली नेमकी अडचण ठाऊक होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मी, माझे पती, सोळा वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा असे आम्ही चौघे स्पेनमधील बेनिडॉर्मला सात रात्रींसाठी जाणार होतो. त्यासाठी आम्ही २,३८० पौंड भरले. त्यातले १,८८० पौंड गेले ते गेलेच, आणि वर व्हिसाही नाकारला गेला.

मुलीची जीसीएसईची, म्हणजे इंग्लंडमधली सोळाव्या वर्षीची शालेय परीक्षा जूनमध्ये संपणार होती आणि तिला शांत गाव नको होते. बेनिडॉर्म हे मुळात मासेमारांचे गाव. १९५६ मध्ये तिथे नगररचनेचा मोठा आराखडा झाला, १९६७ मध्ये सुमारे ६० किलोमीटरवर अलिकान्तेचा विमानतळ सुरू झाला, आणि मग लेवान्ते व पोनिएन्ते या दोन किनाऱ्यांमागे उंच इमारतींची रांग उभी राहिली. ब्रिटिश कुटुंबे कित्येक दशकांपासून विमान, हॉटेल आणि जेवण एकत्र घेऊन तिथे जातात. मुलांसाठी ॲक्वालँडियाचे पाण्यातले खेळ, संध्याकाळी जुन्या गावात फेरफटका आणि रात्री उशिरापर्यंत गजबजलेला समुद्रकिनारा एवढे सगळे एका जागी मिळत असल्यामुळे आमचे तिथेच ठरले. अडचण पैशांची होती. शाळेच्या सुट्टीत दर चढतात, आणि नावाजलेल्या कंपन्या आम्हा चौघांचे ३,००० पौंडांच्या वर सांगत होत्या.

फेब्रुवारीत एका ओळखीच्या बाईंनी मला सहली विकणाऱ्या एका माणसाची जाहिरात पाठवली. त्यांनी स्वतः त्या माणसाकडून काही घेतलेले नव्हते, त्यांनाही ती दुसऱ्या कोणीतरी पाठवली होती, पण हे मी तेव्हा विचारले नाही. फोन केल्यावर पलीकडून स्वच्छ मराठीत बोलणे सुरू झाले. “ताई, तुमचा पासपोर्ट भारतीय आहे ना? मग तुम्हाला शेंगेन व्हिसा लागेल. त्यासाठी लागणारी हॉटेलची आणि विमानाची सगळी कागदपत्रे आम्ही इसार भरल्याबरोबर देतो.” शेंगेन म्हणजे स्पेनसह युरोपातल्या अनेक देशांना चालणारा एकच व्हिसा. याच वाक्याने मी त्यांच्या बाजूला झुकले. आपल्यातल्या ज्यांनी व्हिसाची तारीख मिळवण्यासाठी पहाटे उठून संगणकासमोर बसून पाहिले आहे त्यांना हे समजेल. ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या शेजाऱ्यांना ज्या गोष्टीची काळजीच करावी लागत नाही, तिच्यामुळे आपण स्वस्त सहलीआधी कागद शोधतो. त्या माणसाने सहल विकण्याआधी कागद विकला.

मी काहीच तपासले नाही असे नाही. ब्रिटनमध्ये विमानासह विकल्या जाणाऱ्या सहलीला ॲटॉल नावाचे संरक्षण असते. ही व्यवस्था १९७३ पासून आहे आणि ती तिथले नागरी विमान प्राधिकरण चालवते. विकणारी कंपनी बुडाली तर प्रवाशांचे पैसे परत मिळतात, आणि प्रवासी परदेशात असतील तर त्यांना घरी आणले जाते. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये थॉमस कुक ही सहल कंपनी बंद पडली तेव्हा याच प्राधिकरणाने लाखाहून अधिक माणसे परत आणली होती. आम्हाला आलेल्या कागदाच्या तळाशी ॲटॉलचे बोधचिन्ह आणि क्रमांक होता. तो क्रमांक मी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाकला, तो खरा निघाला आणि मी निश्चिंत झाले. मात्र त्या क्रमांकासमोर कोणत्या कंपनीचे नाव आहे, तिचा पत्ता आणि फोन आमच्या कागदावरच्याशी जुळतो का, हे मी पाहिले नाही. क्रमांक मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच एका कंपनीचा होता आणि तिचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नव्हता. दुसरी गोष्ट मला नंतर कळली. पैसे घेताना, अगदी इसार घेतानासुद्धा, विक्रेत्याने ग्राहकाला लगेच ॲटॉल प्रमाणपत्र द्यावे लागते. मला पावती आली, हॉटेलचे पत्र आले, विमानाचा तपशील आला. ते प्रमाणपत्र मात्र कधीच आले नाही, आणि ते मागायचे असते हेच मला माहीत नव्हते.

मार्चमध्ये इसाराचे ६०० पौंड भरायचे होते. कार्डाने भरल्यास ३ टक्के जादा पडतील, म्हणून बँकेतून थेट पाठवा, असे त्यांनी सुचवले. ब्रिटनमध्ये १३ जानेवारी २०१८ पासून ग्राहकाकडून कार्डासाठी असा जादा आकार घ्यायला बंदी आहे, त्यामुळे खरे तर संभाषण तिथेच थांबायला हवे होते. मी बँकेच्या ॲपमध्ये कंपनीचे नाव आणि खाते क्रमांक टाकला तेव्हा पडद्यावर सूचना आली की हे नाव खात्यावरच्या नावाशी जुळत नाही. मी पैसे न पाठवता त्यांना फोन केला. “कंपनीचे खाते नवीन आहे, म्हणून सध्या भागीदाराच्या नावावर घेतोय,” असे उत्तर आले. मी परत ॲप उघडले, ती सूचना पुन्हा वाचली आणि पुढे जाण्याचे बटण दाबले.

मे महिन्यात उरलेले १,७८० पौंड मागताना त्यांनी सांगितले की ही रक्कम थेट स्पेनमधील हॉटेलच्या खात्यात जाईल, म्हणजे तुम्हालाच अधिक खात्री. युरोपातील खात्याला आयबॅन नावाचा लांबलचक क्रमांक असतो आणि त्याची पहिली दोन अक्षरे देशाची असतात. स्पेनचे खाते असेल तर ती ईएस असतात. आम्हाला दिलेला क्रमांक एलटी या अक्षरांनी सुरू होत होता, म्हणजे खाते लिथुआनियातले होते. तो क्रमांक मी एकेक अंक जुळवत दोनदा टाकला, अंक चुकू नये एवढीच काळजी माझ्या मनात होती. हॉटेल स्पेनमध्ये आणि खाते बाल्टिक समुद्राच्या काठी कसे, हा प्रश्न त्या वेळी मला पडला नाही.

जूनमध्ये आम्ही व्हिसाचे अर्ज दिले. महिनाअखेरीस पासपोर्ट परत आले ते नकाराच्या छापील पत्रासह, आणि त्यात वास्तव्याच्या उद्देशाबद्दल दिलेली माहिती विश्वसनीय नाही या कारणासमोर खूण होती. त्या रात्री मी सगळे कागद जेवणाच्या टेबलावर मांडले. पावतीवर हॉटेल लेवान्ते किनाऱ्यावर होते आणि हॉटेलच्या पत्रात तेच हॉटेल पोनिएन्तेवर. हे दोन किनारे जुन्या गावाच्या टेकाडाच्या दोन बाजूंना आहेत, एकच इमारत दोन्हीकडे असणे शक्य नाही. चार महिने ते कागद माझ्या कपाटात होते. सकाळी मी हॉटेलचा फोन क्रमांक स्वतः शोधून तिथे विचारले, तर आमच्या नावाने काहीच नोंद नव्हती. विमानाच्या आरक्षणाचा सहा अक्षरांचा क्रमांकही विमान कंपनीच्या संकेतस्थळावर सापडला नाही. त्या माणसाने दोन दिवस “ताई, मी बघतो” असे सांगितले आणि नंतर फोन उचलणे बंद केले.

बँकेकडे आणि त्या वेळी फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या ॲक्शन फ्रॉड या केंद्राकडे आम्ही त्याच दिवशी तक्रार केली. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये असा नियम आहे की फसवणुकीने ग्राहकाकडून देशातल्या देशात बँक खात्यातून पैसे पाठवून घेतले गेले, तर बँकेने ८५,००० पौंडांपर्यंतची भरपाई द्यायची, आणि त्यातले १०० पौंडांपर्यंत ती कापू शकते. नाव जुळत नसल्याच्या सूचनेकडे मी का दुर्लक्ष केले, हे मला दोनदा लेखी सांगावे लागले, आणि पाच आठवड्यांनी ५०० पौंड आले. लिथुआनियाला गेलेली रक्कम या नियमात बसत नाही, कारण तो परदेशी व्यवहार ठरतो. त्यांनी दुसरा हप्ता ‘थेट हॉटेलला’ का पाठवायला लावला, ते तेव्हा माझ्या लक्षात आले. हेच पैसे क्रेडिट कार्डाने भरले असते, तर १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ खाली १०० ते ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीत कार्ड कंपनीकडेही दाद मागता आली असती. भारतातून सहल घेणाऱ्यांना यातले काहीच लागू होत नाही. त्यांनी असे काही लक्षात आल्याबरोबर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा.

व्हिसाचे चौघांचे ३१५ युरो शुल्क गेले, पण त्यापेक्षा तो नकार मला जास्त लागला आहे. ब्रिटनच्या पुढच्या व्हिसा अर्जांमध्ये ‘कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का’ या प्रश्नाला आता आम्हाला ‘होय’ लिहावे लागेल, आणि प्रत्येक वेळी सोबत तक्रारीचा क्रमांक व खुलासा जोडावा लागेल. खोटा कागद आम्ही जाणूनबुजून दिला नव्हता, हे सिद्ध करण्याचे ओझे आमच्यावर आले.

सप्टेंबरमध्ये स्लाउला राहणाऱ्या एका मैत्रिणीने मला तिच्या दिवाळीच्या सुट्टीतील सहलीचे पत्र दाखवले. त्यावरचे कंपनीचे नाव वेगळे होते आणि फोन क्रमांकही वेगळा होता. पहिल्या पानावर लेवान्ते होते आणि दुसऱ्या पानावर पोनिएन्ते. तिने इसार भरला होता, पण उरलेली रक्कम अजून पाठवलेली नव्हती.